अर्धंच उचललंस

"टाकलंस का खाली? मग अर्धंच उचललंस."

वालूरच्या तालमीच्या भिंतीपलीकडून वस्तादांचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की एखाद्या सकाळी ते कानावर आलं नाही तर मशीनचा दोरा तुटल्यासारखं वाटायचं. माझं शिंप्याचं दुकान तालमीला खेटून होतं. मधल्या भिंतीत एक झरोका होता. त्यातून तालमीतली तांबडी माती दिसायची आणि वस्तादांचे हात दिसायचे. त्यांना सगळं गाव वस्तादच म्हणायचं, मीही तेच म्हणतो.

ते हात तुम्ही बघायला हवे होते. त्यांची लाकडी करेलाची जोडी, म्हणजे मूठ असलेले दोन ठोकळे, इतकी हलकी होती की पोरं तिला ताकाची रवी म्हणायची. ती जोडी ते डोक्यामागून फिरवून वर न्यायचे. त्यात विशेष काही नव्हतं. पण खाली आणताना ते एवढा वेळ लावायचे, की माझी एक बाही जोडून व्हायची आणि हात अजून छातीपाशीच असायचा. ना थरथर, ना घाई. मी कापड तसंच धरून बघत राहायचो.

रझाकारांच्या दिवसांत तालीम बंद होती. पोलीस अ‍ॅक्शननंतर ती उघडली आणि गावातल्या पोरांना एकदम अंगाची हौस आली. आठ दिवस जोर मारले की लगेच माझ्याकडे, "दादा, पट्टी लावा." मी कपडे कमी आणि बेटकुळ्याच जास्त मोजायचो.

सगळ्यांत मोठी बेटकुळी पाटलांच्या थोरल्याची, दाजीबाची. तो वस्तादांच्या तालमीत टिकला नाही. स्वतःच्या वाड्यामागे बैलगाडीचा लोखंडी कणा उचलायचा, वाळूची पोती उचलायचा, आणि उचललं की धाडकन टाकून द्यायचा. हळूहळू तालमीतली पोरंही तिकडे जाऊ लागली.

एकदा दाजीबा दुकानात असताना वस्ताद आत आले आणि त्यांनी दंड पुढे केला. "माझा बी घे." मी मोजला. दाजीबापेक्षा चांगला चार बोटं कमी भरला. पोरं हसली.

"वस्ताद," दाजीबा म्हणाला, "रवी फिरवून कुठं दंड भरतो व्हय?"

"भरतो. उशिरा भरतो, पन ऱ्हातो."

"मंग तुमी जड का न्हाई उचलत?"

वस्ताद हसले आणि निघून गेले. का, ते त्या दुकानात मला एकट्याला ठाऊक होतं. तरुणपणी सेलूच्या मोंढ्यात पोती वाहताना त्यांचं आतडं उतरलं होतं. परभणीच्या हकिमाने सांगितलं होतं, पुन्हा जड उचललंस तर जीव जाईल. पोटाला आवळायचा मांजरपाटाचा दुहेरी पट्टा मीच त्यांना शिवून द्यायचो. "कुनाला बोलू नगंस," एवढंच ते म्हणाले होते.

आमच्याकडे मारुतीपुढे एक गोटी आहे, गुळगुळीत काळा धोंडा. हनुमान जयंतीला ती खांद्यावर घ्यायची, देवळाला एक फेरा घालायचा आणि परत तिच्या खळगीत ठेवायची. ठेवताना आवाज होता कामा नये. आवाज झाला की मान गेला, आणि गावाचं वरीस वाईट जातं असं म्हातारी माणसं म्हणायची. रझाकारांच्या दिवसांत ही रीतही बंद पडली होती. त्या वर्षी ती पुन्हा सुरू झाली आणि अर्थातच दाजीबा पुढे आला.

उचलली त्याने झोकात. फेराही घातला. खोटं कशाला बोलू, तशी ताकद मी गावात पाहिली नव्हती. पण खळगीपाशी येऊन तो थांबला तो थांबलाच. त्याला खाली बसता येईना. आयुष्यभर वर नेलं होतं, खाली कधी आणलंच नव्हतं. गुडघे लटलटायला लागले, मान लाल झाली. टाकावी तर पायाशीच म्हातारी माणसं दाटीने बसलेली. मागे सरकायलाही जागा नव्हती.

वस्ताद गर्दीतून उठले. मी त्यांचा सदरा धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"दाजीबा, दे इकडं. घाई करू नगंस, मी हाय."

गोटी त्यांच्या छातीवर आली. आणि मग ते खाली बसू लागले. झरोक्यातून मी रोज बघायचो तेच, तसंच, त्याच चालीने. फक्त हातात रवी नव्हती. झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तशी ती गोटी खळगीत गेली. आवाज झाला नाही.

ते लगेच उठले नाहीत. गोटीवर हात ठेवून बसून राहिले. लोकांना वाटलं, देवाचं नाव घ्यायलेत.

संध्याकाळी ते दुकानात आले, भिंतीला धरत. फाटलेला पट्टा माझ्यापुढे ठेवला.

"वस्ताद, दुखायलंय का?"

"दुखनारच की. शीव."

दाजीबा दारात उभा होता. पट्टा बघून त्याला सगळं कळलं. तो आत आला आणि म्हणाला, "वस्ताद, आता मी जड उचलनार न्हाई."

"आरं, जड उचलू नगं असं मी कव्हा म्हनलो? मी म्हनलो, टाकू नगं."

दुसऱ्या दिवसापासून दाजीबा तालमीत. वस्तादांना पुढे ती रवीही पेलेना, तेव्हा त्यानेच सुताराकडून जोडी तासून आणली. दर साल दोन साल ती थोडी थोडी हलकी होत गेली. वस्ताद मात्र तेवढाच वेळ लावून ती खाली आणायचे.

आम्ही गावातून न हलता हैदराबाद राज्याचे मुंबई राज्याचे झालो, आणि महाराष्ट्राचे होणार होतो. महाराष्ट्र झाला, त्याच्या आदल्या हिवाळ्यात वस्ताद गेले. शेवटी इतके वाळले होते की चौघा खांदेकऱ्यांना तिरडी जडच नव्हती. पुढचा खांदा दाजीबाचा, मागचा माझा. अर्ध्या वाटेवर विसाव्याला तिरडी खाली ठेवतात, तिथे लोकांनी नेहमीसारखी घाई केली. दाजीबा म्हणाला, "हळू. आनखी हळू."

आम्ही चौघे खाली बसत राहिलो. गाव थांबून राहिलं. तिरडी भुईला टेकली ती दिसली, ऐकू आली नाही.