पुढच्या सीटवर

रात्री लायब्ररीतून मुलींना घरी सोडायला आमच्या विद्यापीठाने व्हॅन सुरू केली, तेव्हा तिच्यावर ड्रायव्हर म्हणून उत्तनच्या कोळीवाड्यातले एक अंकल आले. बोलायचे फार कमी. निघण्यापूर्वी आतला आरसा छताकडे वळवायचे, मागे मुलींकडे नजर जायला नको म्हणून. केबिन रोड, मग सिल्व्हर पार्क, अशा सगळ्या उतरत जायच्या. शेवटी माझ्या बेव्हर्ली पार्कपर्यंत मी एकटीच उरायचे.

एकदा दार अडकलं. ते बाहेरून उघडायला आले आणि काचेतून त्यांना माझा हात दिसला. सगळा रस्ता मी दाराचं हँडल घट्ट धरून बसले होते. मी सारवासारव करायला लागले.

"तुझी भीती बरोबर हाय, बाय," ते म्हणाले. "तू मला कुठं ओळखतेस?"

दुसऱ्या रात्री पुढच्या सीटवर त्यांची बायको होती. पहाटे विकायची मासळी घ्यायला उठणारी बाई, डोळे मिटत होते तिचे.

"यांना कशाला त्रास, अंकल?"

"गाडीत एक बाई द्या, म्हणून ऑफिसात सांगितलंय. देतील तवा देतील. तवर ही."

पुढे विद्यापीठाने प्रत्येक व्हॅनमध्ये मदतनीस बाई नेमली. गणवेशातली, सतत जागी. पण हँडलवरचा माझा हात सुटला तो त्याआधीच, अंकलची बायको खिडकीला डोकं टेकून घोरायला लागली त्या रात्री. पुढे स्पीडब्रेकर आला. तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली, मग अलगद पलीकडे उतरवली.