सावत्र ग्रिप

"हनुवटी खाली. किंचित म्हटलं, जमिनीत नाही पुरायची. डोळे इकडे. इकडे म्हणजे माझ्याकडे, खिडकीत काय ठेवलंय?"

हे सगळं एका दमात, कायमची सर्दी झालेल्या आवाजात म्हणता आलं की आमच्या मामाची नक्कल तयार. शाळेतली पोरं त्याला हनुवटीमामाच म्हणतात. दरवर्षी ओळखपत्रांचे फोटो तोच काढतो. एकेका मुलाचा, उभा, छातीपर्यंत. हे काम आहे म्हणून त्याच्या स्टुडिओचं शटर वर जातं. हे काम गेलं तर उरणार पासपोर्टचे फोटो आणि लॅमिनेशन.

उभा फोटो घ्यायचा म्हणजे कॅमेरा वळवून उजवं कोपर कानापर्यंत न्यावं लागतं. या वर्षी ते जात नव्हतं. खांदा आखडला होता. शर्ट घालताना हात मागंच अडकायचा आणि मामा भिंतीकडे तोंड करायचा. मामीनं "काय झालं हो?" विचारलं की म्हणायचा, "काही नाही, बटण शोधतोय."

"पाठीवर?" मामी म्हणायची.

स्टँड लावून बघितला, तर प्रत्येक पोराच्या उंचीला दांडी वर-खाली करण्यातच दिवस जाणार. आडवा फोटो काढून कापणं त्याला चोरी वाटते. मग त्याला बॅटरी ग्रिप आठवली. कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूनं बसणारी ही एक मूठ. आत दोन बॅटऱ्या राहतात आणि कडेला फोटोचं आणखी एक बटण असतं. त्यामुळे कोपर अंगाशी ठेवूनच उभा फोटो निघतो.

शाळेच्या फोटोंआधीच्या शनिवारी तो कॅमेऱ्यांच्या आणि विजेच्या सामानाच्या दुकानात गेला. मामीही निघाली, म्हणे पंख्याचा रेग्युलेटर घ्यायचाय.

दुकानदार नाकातून बोलतो आणि त्याचं कुठलंही वाक्य 'बघा'ला टेकल्याशिवाय संपत नाही. "कंपनीनं तुमच्या मॉडेलची ग्रिप बंद केली, बघा काका. या दोन दुसऱ्यांनी बनवलेल्या. पण अगदी सख्ख्यासारख्या, बघा."

"सावत्र म्हण की सरळ."

"सावत्रही जीव लावतात, बघा."

एक चांगली वजनदार होती. बटण अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो, आणि मध्ये बोटाला स्पष्ट टप्पा लागायचा. दुसरी हलकी. तिचं बटण ओल्या साबणासारखं, अर्धं कुठं संपलं ते कळायच्या आत फोटो निघून गेलेला.

"तुमची गरज काय ते सांगा, म्हणजे सुचवतो, बघा."

"बॅटरी पुरत नाही," मामा म्हणाला.

दुकानदारानं दोन्ही ग्रिप उचलून मागं ठेवल्या. "मग ग्रिप कशाला? सुट्या बॅटऱ्या न्या, खिशात टाका. उगाच वजन कशाला वागवता, बघा."

"नाही, ग्रिपच दे."

"पण का, बघा?"

"दिसते चांगली."

मामीनं रेग्युलेटरातून मान वर काढली. "आरशात न बघता भांग पाडणारा माणूस बोलतोय हे."

"काका, जी वस्तू तुम्हाला नकोच आहे ती तुमच्या गळ्यात मारली, तर उद्या तोंड कसं दाखवू, बघा?" दुकानदार नेमका तिथंच प्रामाणिक निघाला. एरवी हाच माणूस दुकानाचं टेबलसुद्धा विकेल.

मामा काउंटरच्या काचेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "हात वर जात नाही माझा."

सर्दी नाही, टोमणा नाही. त्या आवाजात नक्कल करण्यासारखं काहीच नव्हतं. मामीनं हातातला रेग्युलेटर खोक्यात परत ठेवला.

"आधी सांगायचं ना," दुकानदार म्हणाला, 'बघा'शिवाय. त्यानं वजनदार ग्रिप मामाच्या कॅमेऱ्याला बसवली. मामानं कॅमेरा उभा धरला. कोपर खालीच राहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. मामीचे चार-पाच फोटो झाले, तसा कॅमेरा हळूहळू छातीवर उतरला.

"दुखतंय?" मामीनं विचारलं.

"जड आहे." खोटं बोलायचं बळ बहुतेक संपलं होतं. "ती हलकी लाव रे."

"काका, तिचं बटण वाईट आहे. मीच सांगतो."

"बोट शिकेल," मामा म्हणाला. "खांदा शिकणार नाही."

रविवारभर मामी स्टुलावर बसून शेंगा सोलत होती आणि मामा तिच्यावर बटण शिकत होता. "अहो, मी एक शेंग सोलेपर्यंत माझे तीन फोटो झाले." "एकच काढायचा होता." "मग उरलेले दोन कुणाचे?"

सोमवारी शाळेत पोटमाळ्याखालच्या खोलीत फोटोमागचा पडदा लागला. बोट अजून अर्धवटच शिकलं होतं. मामाचं वाक्य संपायच्या आत फोटो निघायचा. कुणाचे डोळे मिटलेले, तर कुणाचं तोंड 'काय?' म्हणत उघडं. आयुष्यात कधी नाही ते मामा दर फोटोनंतर कॅमेऱ्याचा पडदा बघत होता आणि म्हणत होता, "बस बाळा, पुन्हा एकदा." रांग व्हरांड्यात गेली, मग जिन्यावर. खेळाचा तास बुडाला म्हणून मोठी पोरं कुरकुरायला लागली.

मुख्याध्यापिका आल्या. त्यांचा आवाज असा गोड, की रागावल्यात हे माणसाला घरी गेल्यावर कळतं. "मामा, एकेकाचे तीन-तीन? मागच्या वर्षी मधल्या सुट्टीपर्यंत उरकलं होतं. हल्ली मोबाईलवरसुद्धा किती छान येतात, नाही?"

उजेड कमी आहे, असं म्हणता आलं असतं. मामानं खिडकीकडे बघितलंही.

"खांदा आखडलाय, बाई," तो म्हणाला. "ही मूठ नवी आहे, हाताला बसायची आहे. फोटो नीट देईन. पण वेळ लागेल."

बाईंनी जिन्यापर्यंतच्या रांगेवर नजर टाकली. "बरं. लहान वर्ग उद्या घेऊ." जाता जाता दारात थांबल्या. "पुढच्या वर्षीचं मात्र नंतर बोलू आपण, हं?"

काय बोलायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मामानं डाव्या हातानं खांदा दाबला. स्टुलावर पुढची मुलगी येऊन बसली होती.