सासऱ्याच्या बापाची लगोरी

ब्रँटने लाथ मारली आणि दगडांची ती लगोरी खडखडत कड्याखाली गेली, तेव्हा त्याची अपेक्षा शाबासकीची होती.

त्याचं फारसं चुकलं नव्हतं. सकाळपासून त्याचे सासरे थेल हेकॉक हेच करत चालले होते. धबधब्याकडे जाणारी हौशी मंडळी या तांबड्या खडकावर फोटोपुरते दगडावर दगड रचतात आणि थेलबाबा ते बुटाने उडवतात. उटाच्या या वाळवंटात त्यांनी जन्मभर गुरं राखली. आता गुडघे गेले, पण उरलासुरला जोर या कामी राखून ठेवलेला. दोन्ही हातांत स्कीइंगसारख्या काठ्या घेऊन चालणारा कुणी दिसला की ते विचारत, "बर्फ कुठंय रे?" पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी चोखणाऱ्याला ते "दूधपितं वासरू" म्हणत. जावई काठ्याही वापरायचा आणि नळीही चोखायचा. शिवाय तो शहरात गाद्या विकायचा, आणि त्याने पोरीचं नाव ओकलिन ठेवलं होतं.

"माणसाच्या पोरीला ओकच्या झाडाचं नाव! माझ्या गाईंनी नसतं खपवून घेतलं."

धबधब्याबद्दलही फार आदर होता असं नाही. "एकदा माझी गाय पडली होती त्यात. तेवढीच ओळख."

पण ओकलिनला आठ वर्षं पूर्ण झाली होती, बाप्तिस्म्याचं वय झालं होतं, आणि तो तिला धबधब्याच्या डोहातच हवा होता. ब्रँटने तिला तसा शब्द दिलेला. थेलबाबांच्या कपाळाला आठ्या. "चर्चमध्ये टाकी आहे. कोमट पाणी, फरशी, धरायला कठडा. देवाला काय उन्हात तंगडतोड केलेलीच पोरं चालतात?" शेवटी साक्षीदार म्हणून यायला तयार झाले, पण अट घालूनच: सूर्य डोक्यावर यायच्या आत उरकलं नाही, तर रविवारी गुपचूप टाकीत.

आणि आता ही लगोरी.

"जावईबापू," थेलबाबा म्हणाले, "ती माझ्या बापाने रचलेली."

"म्हणजे?"

"म्हणजे गुरं पाण्यावर उतरवायची खिंड इथं आहे, हे कळायला. बाकी सगळा खडक एकसारखा. आता बिशप उतरणार कुठून?"

बिशप लमार दुकान बंद करून मागून येत होते. गावात टायर बदलणारा माणूस. पण गावच्या चर्चचे बिशपही तेच आणि दुसरे साक्षीदारही तेच; त्यांच्याशिवाय मॉर्मनांचा बाप्तिस्मा काही होत नाही.

"मी थांबतो इथे," ब्रँट म्हणाला.

"नको. तुला लगोरी समजून मीच लाथ घालेन. पोरीला घेऊन उतर खाली."

खालच्या गार डोहापाशी पांढरे कपडे घालून बापलेक बसून राहिले. वर कड्यावर, गेलेल्या दगडांच्या जागी, थेलबाबांची टोपी उन्हात ताटकळत उभी होती.

सूर्य चढता चढता थेलबाबांच्या मागोमाग बिशप उतरले. गुडघा खरचटलेला, हातात मात्र गाजर घातलेल्या हिरव्या जेलीचा डबा शाबूत.

"हेकॉकभाऊ, तुम्ही दिसलात म्हणून वाट सापडली!"

"जेली ठेव खाली. पोरीकडे बघ."

ब्रँटने प्रार्थना म्हटली, ओकलिनला मागे झुकवून पाण्यात बुडवली, वर काढली. बिशप हसले.

"अंगठा," थेलबाबा म्हणाले.

"कुणाचा?"

"तिच्या पायाचा. वर होता."

अंगाचा कणही पाण्याबाहेर राहिला तर बाप्तिस्मा धरत नाहीत. ब्रँटने पुन्हा बुडवली.

"अंगठा."

"मला तर नाही दिसला, हेकॉकभाऊ."

"तू चष्मा पुसत होतास."

ओकलिनचे दात वाजत होते. "आजोबा, मी टाकीत नाही जाणार."

सूर्य डोक्यावर आला होता. थेलबाबांनी वर पाहिलं आणि ब्रँट समजला की संपलं. तेवढ्यात थेलबाबांनी टोपी काढून बिशपच्या हातात दिली आणि बुटांसकट डोहात उतरले, कमरेपर्यंत.

"गाद्या विकतो म्हणे! आणि माणूस नीट आडवा करता येईना." त्यांनी नातीची पावलं आपल्या पंजात दाबून धरली. "हां, घाल आता."

ओकलिन पाण्याखाली गेली, सगळीच्या सगळी, आणि फुरफुरत वर आली.

"गेली," थेलबाबा म्हणाले, आणि बुटांतलं पाणी पचपचवत काठावर चढले.

ब्रँटने लेकीला टॉवेलात गुंडाळलं. "बाबा, म्हणजे आता सगळं ठीक ना?"

"पोरीचं झालं, तू वर जाऊन दगड रच."