बघायला आलेल्यांचं इंग्रजी

माघात मला बघायला पूर्णेहून पाहुणे आले. मुलगा रेल्वेत होता. मी गावाहून एसटीनं जिंतूरला जाऊन बारावी करत होते आणि परीक्षेचा फॉर्मही भरला होता. वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, जमलं तर लग्न, नाही जमलं तर परीक्षा दे.

नाव, गाव, स्वयंपाक विचारून झालं. मग मुलाच्या मामांनी, ते मास्तर होते, मला इंग्रजी क्रियापदांची तीन-तीन रूपं विचारायला घेतली. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. बाजारात बैलाचे दात बघतात तसं माझं इंग्रजी बघत होते! मुलाला कुणी एक अक्षर विचारलं नाही.

ते इंग्रजी मी त्यांच्यासाठी शिकले नव्हते. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटी बंद पडली की कॉलेज बुडायचं. मग कापूस वेचताना ओळीला एक क्रियापद, असं मी पाठ करायची. काळ मात्र पाठ करून कळेनात. शेवटी आमचे सर म्हणाले, "घरी तुमी म्हणता न, 'माय सैपाक करायली', तेच त्यांचं 'इज कुकिंग'." त्या दिवसापासून इंग्रजी मला परकं वाटेनासं झालं.

मामांनी 'गो' विचारलं. मला फक्त चुकायचं होतं. चुकले असते तर पाहुणे उठून गेले असते आणि मी परीक्षेला बसले असते. पण येत असलेलं उत्तर चुकवायला माझी जीभ वळेना. 'गो, वेंट, गॉन' सांगितलं, 'ईट' सांगितलं, 'राइट' सांगितलं. वर एक वाक्य तिन्ही काळांत करून दाखवलं. कुणी मागितलं होतं? पण हौस दांडगी.

मामा वडिलांना म्हणाले, "पोरगी लय हुशार हाय तुमची. आमाला पसंत हाय."

मला हळद लागली त्या दिवशी जिंतूरला इंग्रजीचा पेपर होता. सासरी मला कुणी कधी इंग्रजी विचारलं नाही. वर्षभरानं मी परीक्षेचं नाव काढलं, तर तेच मामा म्हणाले, "आता शिकून काय करतीस?"

हे त्यांनी बघायला आले तेव्हाच मला विचारायचं होतं. त्याचं उत्तर मला येत नव्हतं; मी गप्प बसले असते आणि परीक्षेलाही.