प्लास्टरचा बिबट्या

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. मागं हा किस्सा सांगताना आमच्या व्याह्यांच्या नाकातनं चहा आला होता, आणि शर्ट त्यांचा पांढरा होता. नंतर मला बोल नको.

गोष्ट रोलच्या कॅमेऱ्याच्या काळातली. कोल्हापुरात शाहूपुरीत सलीमभाईचा फोटो स्टुडिओ होता. वरीस सरत आलं की आम्ही तिघं-चौघं दोस्त तिथं जमायचो. वर्षभरात रानात काढलेले जनावरांचे, पाखरांचे फोटो टेबलावर मांडायचे आणि सगळ्यांनी मिळून त्यातला एक निवडायचा. तो फोटो सलीमभाई मोठा करून पुढं वर्षभर दुकानाच्या काचेत लावायचा. बक्षीस एवढंच. पण त्या काचेसाठी आमचा जीव जायचा हो.

आणि दर साली काचेत कोण? कांबळे गुरुजी. हा रिटायर मास्तर भर पावसात गगनबावड्याला जाऊन झाडाखाली दगडासारखा बसणार. पायाला जळवा लागल्या तरी हलायचा नाही. मग त्याच्या फोटोतला धनेश असा दिसायचा, की काच उघडली तर उडून जाईल. आणि आमचे फोटो? एकदा माझ्या फोटोत गव्याचं नुसतं शेपूट आलं. गुरुजी बारकाईनं बघून म्हणाले, "आण्णा, गवा उत्तम आहे. फक्त पुढचा भाग यायचा राहिलाय."

आता असल्या माणसाची जिरवायची का नको? तुम्हीच सांगा.

त्या साली आमच्या गल्लीच्या मंडळानं गणपतीत जंगलाचा देखावा केला होता. त्यातला प्लास्टरचा बिबट्या नंतर शेडात पडून होता. काय घडवला होता कलाकारानं! डाव्या अंगानं बघितला तर खऱ्या बिबट्यानं रामराम घालावा. उजव्या अंगाला कान तुटका आणि आतनं काथ्या बाहेर. मी त्याला गोणपाटात गुंडाळला, टेंपोत घातला आणि हातकणंगल्याकडच्या आमच्या रानात नेला. उसाच्या कडेला बसवला, वर उसाच्या वाळल्या पानांचं थोडं पाचट टाकलं, दिवस कलायची वाट बघितली आणि डाव्या अंगानं फोटो मारला. मग बिबट्या परत मंडळाच्या शेडात नेऊन टाकला.

सलीमभाईच्या टेबलावर तो फोटो ठेवला. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कुठं मिळाला, आण्णा?"

आता राधानगरीच्या जंगलात म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती? पण नाही. मी छाती काढून सांगितलं, "आमच्याच उसात की."

गुरुजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी खोकल्याचं सोंग करून बाहेर गेलो आणि पानाच्या टपरीमागं पोटभर हसून आलो. माझा बेत असा, की फोटो महिनाभर काचेत मिरवायचा आणि मग सगळ्यांसमोर बिंग फोडून गुरुजींना चहा पाजायचा.

पण तो फोटो काचेत बसला कुठं गप? सलीमभाईकडं संध्याकाळच्या पेपरचा एक बातमीदार यायचा. त्यानं तो छापला. माझं नाव, गावाचं नाव, रान कुणाचं, सगळ्यासकट. मग काय विचारता! आठवड्यात बिबट्याला मादी मिळाली. पुढच्या आठवड्यात दोन पिल्लं झाली. एका म्हातारीनं त्याला पाटावर पाणी पिताना बघून 'हाड' केलं म्हणे. मी पारावर बसून तोंड गंभीर करून विचारायचो, "मावशी, पिल्लं बापावर गेल्यात का आईवर?" ती सांगायची पण.

अशी मजा चाललेली, आणि माझ्या उसाला तोड आली.

ज्यांचं रान नाही त्यांना सांगतो. कारखान्याची पाळी एकदा चुकली की आपण रांगेच्या शेपटाला. तोवर उसाला तुरे येतात, आतनं पोकळ होतो, वजन निम्म्यावर येतं. आणि आमचं वर्षाचं सगळं त्या एका फडावर. बीडकडची ऊसतोड्यांची टोळी आली, कोयते बांधाला टेकवले आणि खाली बसली. उठंचना. त्यांचा मुकादम दगडू हात जोडून पुढं आला.

"मालक, पेपरात वाचलंय. आमची लेकरंबाळं हायेत. आम्ही फडात न्हाई उतरायचो."

मी हसलो. म्हटलं, "आरं, प्लास्टरचा हाय त्यो. गणपतीतला."

दगडूनं माझ्याकडं असं बघितलं, जसं उसासाठी माणूस कुठल्या थराला जातो ते त्याला आज कळलं. गावात जाऊन त्यानं माझी चौकशी केली. गाववाल्यांनी प्रेमानं सांगितलं, की पावणं, ह्या माणसानं आजवर एक शब्द खरा बोललेला न्हाय, त्याच्या नादाला लागू नका.

म्हटलं, शिकलेल्या माणसाची साक्ष काढू. कोल्हापूरला जाऊन गुरुजींपुढं सगळं कबूल केलं. वाटलं, चिडतील, पण येतील. गुरुजी शांतपणे म्हणाले, "आण्णा, आयुष्यात एक चांगला फोटो काढलात, आणि चार टन उसासाठी तो खोटा म्हणताय? त्या माणसांच्या जिवाचं काय?" सलीमभाई आतनं ओरडला, "निगेटिव्ह मैंच धुतलीय आण्णा, मला शिकवू नका."

बघा म्हणजे. थाप मारली तर पेपरात, आणि खरं बोललो तर कुणी दारात उभं करंना.

मग शेवटचा उपाय. दगडूला धरून कोल्हापुरात आमच्या गल्लीत आणला, शेडाचं दार उघडलं. "बघ. ह्योच त्यो बिबट्या."

दगडूनं बघितलं. मी बघितलं. मंडळाच्या पोरांनी कुठल्याशा जत्रेत देवीचं वाहन म्हणून द्यायला त्याला पिवळा रंग फासून सुतळीची आयाळ चिकटवली होती.

"मालक," दगडू हळूच म्हणाला, "ह्यो शिंव्ह हाय."

आता राहिलं होतं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर सगळ्यांना गोळा केलं. टोळी, गाववाले, आणि मला समजवायला म्हणून आलेले गुरुजी. म्हटलं, मी एकटा ह्या टोकानं आत जातो आणि त्या टोकानं बाहेर येतो. अंगावर ओरखडा दिसला तर ऊस जाळून टाका. दगडूला ते पटलं. टोळी उठून उभी राहिली, बायकांनी पदर खोचले. मी धोतर सावरलं आणि आत शिरलो.

तुम्ही कधी उभ्या उसात एकटे गेलाय? आत उजेड नाही, वारा नाही. चार पावलं गेलो आणि मागं खसफस झाली. मी थांबलो, ती थांबली. मी चाललो, ती चालली. मला माहीत होतं हो, बिबट्या शेडात आयाळ लावून बसलाय. पण पायांना कुठं माहीत होतं? मी पळालो. तसं तेही पळालं, अगदी पायाला लागून. मग माझ्या तोंडातनं काय बाहेर पडावं?

"बिबट्या! आरं मेलो, बिबट्या!"

बाहेर येऊन पडलो तो थेट टोळीच्या पायात. मागं वळून बघतोय, तर धोतराचा सोगा उसाच्या एका वाळक्या शेंड्यात अडकलेला आणि त्याला हे एवढं पाचट लोंबतंय. तेवढं ओढत ओढत मी सगळा फड पालथा घातला होता.

मी धोतर वर धरून दाखवलं. म्हटलं, ह्ये बघा, हाय का बिबट्या? ह्येच वाजत हुतं. मी माझ्याच धोतराला भ्यालो. देवाशप्पथ खरं सांगतोय. गुरुजींनी मान खाली घातली. टोळीतल्या बायका परत जायला कोयते गोळा करायला लागल्या.

दगडूच्या बायकोनं मला तांब्याभर पाणी दिलं, पाठीवरनं हात फिरवला आणि मायेनं म्हणाली,

"मालक, आता तरी खरं बोला. सोताच्या धोतराला भिऊन एवढं कुणी पळतं व्हय?"