बाबांच्या शर्टाची दुमड

आमचे बाबा शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांची सुटलेली पोटं आणि उतरते खांदे बेमालूम झाकले. स्वतःचा हट्ट मात्र त्यांना कधी झाकता आला नाही.

फुप्फुसाच्या आजारासाठी दोन महिने ते स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होते. त्यात निमोनिया झाला म्हणून हॉस्पिटलात आणलं आणि डोस आणखी वाढला. श्वास सुधारला, हे कबूल. पण साखर चढली, झोप उडाली, तोंड सुजून गोल झालं. भूक तर अशी, की शेजारच्या पेशंटची बिस्किटंही फस्त. खिशातल्या टेपने गळा मोजून बाबा जाहीर करायचे, "अर्धा इंच वाढला. ह्या गिऱ्हाइकाचं माप घेण्यात अर्थ नाही."

मी हसायचे. मग बाबांचे हात थरथरायला लागले. कॉलरखाली टोचलेली सुई काढून ते रोज सकाळी दोरा ओवून बघायचे. एकदा अकरा वेळा चुकले. "हात गेला की शिंपी संपला," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मी डॉक्टरांना गाठलं. ते चालता चालताच म्हणाले, "स्टेरॉइडने होतं असं. डोस उतरला की कमी होईल." दोन मिनिटं थांबून बाबांना समजावतील तर शपथ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी तरी काय केलं? तेच अर्धवट वाक्य बाबांना ऐकवलं, "गोळ्या कमी झाल्या की हाताची थरथर थांबेल."

चार दिवसांनी बाबांना उठून बसवेना. उलट्या, रक्तदाब खाली. तपासण्यांवर तपासण्या, कारण कुणाला सापडेना. "गोळ्या तर माझ्यासमोर घेतात," सिस्टर म्हणाल्या. घामाने भिजलेला शर्ट मी बदलायला घेतला आणि खालची दुमड बोटांना खडबडीत लागली. बाबांनी घातलेली दुमड हाताला कधी कळतच नाही. उसवली. आत बारा गोळ्या! तोंडात टाकल्यासारखं करून मुठीत दडवलेल्या.

मी गोळ्या दाखवताच डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. तासाभराने रक्तदाब सावरला. ह्यावेळी डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "काका, इतके दिवस हे औषध घेतलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं. एकदम बंद केलं तर जिवावर बेततं. आपण हळूहळू उतरवू. हातही सुधारेल." हेच आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

ते गेल्यावर मी बाबांवर तुटून पडले. "जीव गेला असता तुमचा! मला एका शब्दाने विचारता येत नव्हतं?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शर्टाकडे बोट करून हळूच म्हणाले, "टाके सरळ आलेत ना गं?"

खोटं बोलावंसं वाटलं. रडूही येत होतं.

"नाही, बाबा. वाकडे आलेत," मी म्हणाले. "सरळ असते तर मला गोळ्या सापडल्याच नसत्या."