नाकात कोंबलेला झेंडू

देवगाव फाट्यावर माझं चहाचं हाटेल हाय. विमान शिकवायची शाळा माळावर आली तवा माझी गिऱ्हाइकी वाढली, खोटं कशाला बोलू? जमीन आमच्या व्यंकटरावांची, कंपनी बाहेरची, अन् इंजिनाकडं बघणारा शिवकांत तेवढा आमच्यातला. लय वर्सं त्यानं हैद्राबादला विमानाखाली पडून काढली. एका दिवाळीला घरी आला, तर पोटची पोरगी भक्ती त्याला काका म्हनली. तवापासून गावाजवळ काम धुंडत होता. हे काम गेलं तर परत हैद्राबाद, हे त्याला बी ठाऊक अन् त्याच्या बायकोला, त्रिवेणीला बी.

मागच्या खंडेनवमीला त्यानं समदे पाने, पेचकस पाटावर मांडून पुजले. पुजलेल्या अवजाराला दसरा सरेस्तोवर हात लावायचा न्हाई, ही आमची रीत. विमानाला बी झेंडूचा हार घातला. तेवढ्यात व्यंकटराव आले. हार वाऱ्यानं उडायलाय म्हनून त्यांनी तो विमानाच्या नाकाखालच्या, इंजिनाला हवा जायच्या भोकात बोटांनी कोंबला. शिवकांत नको नको म्हनायलाय, तर त्यालाच डाफरले. मी चहा घेऊन तिथंच उभी होते.

दसऱ्याला सकाळीच कंपनीच्या साहेबाचा निरोप आला, विमान उडवायचंय. कंपनीला कुठला आलाय दसरा! शिवकांतनं हात घालून हार ओढला. दोरा तुटला, निघाला तेवढा निघाला. आतली हवेची जाळी खोलावी तर पेचकस पाटावर. पूजा मोडायला त्याचं मन धजलं न्हाई. ठीक हाय म्हनला.

विमान वर गेलं अन् कार्बोरेटरच्या हवेची गरमी दाखवणारा काटा चढायला लागला. इंजिनाचा दम गेला. शिकवणाऱ्या सुकेशनी मॅडमनं तसंच वळवून खाली आणलं. माणसं वाचली, महादेवाची कृपा.

मग पूजा मोडलीच. काटाच खोटं बोलायलाय का, हे शिवकांतनं आधी बघितलं. काटा खरा होता. वर थंडीत बर्फ धरू नये म्हनून गरम हवा सोडायची एक झडप असते, ती बी घट्ट बंद. शेवटी जाळी खोलली, तर झेंडूचा नुस्ता लगदा. जाळीतून हवा मिळंना म्हनून इंजिनानं अडीअडचणीचं दुसरं दार ओढून उघडलं अन् स्वतःच्याच पोटातली गरम हवा घेतली. समदं त्यानं मला नंतर समजावून सांगितलं.

फुलं कुणी कोंबली, साहेबानं विचारलं. शिवकांतनं व्यंकटरावांकडं बघितलं. त्यांनी निवांत बशी ओठाला लावली.

"पूजा तर शिवकांतची होती," म्हनले.

मी बोलले, साहेब, मी डोळ्यानं बघितलंय. तर मला म्हनतो, मावशी, कप उचला. व्यंकटरावांसंगट जमिनीचा करार नवा करायचा होता ना मुडद्याला! अन् आमचा भोळा सांब काय बोलावा?

"जाळी न खोलता ठीक हाय म्हनलो. चूक माझीच हाय."

त्याच दिवशी त्याला घरी बसवलं. खरं बोलायची खाज असते एकेकाला. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. व्यंकटराव रोज माझ्याच हाटेलात चहा पितेत. मी साखर कमी टाकते, दुसरं काय करू?

यंदा खंडेनवमीला त्रिवेणीकडं गेले. तिनं सवयीनं पाट मांडला, हळद-कुंकू काढलं. पाने, पेचकस तर शिवकांत संगट हैद्राबादला घेऊन गेलेला. ती रिकाम्या पाटाकडं बघत बसली. भक्ती आत पळाली अन् मोबाईल आणून पाटावर ठेवला.

"पप्पा यातच असतेत," म्हनली.